रेणूच्या चाकाला हळदकुंकू

नोकरीत मी नेमकं काय करत होते, असं कुणी विचारलं तर मी खरं उत्तर देते, "सुई धरून बसत होते." मग समोरच्याला वाटतं बाईंचा शिवणाचा क्लास असणार, आणि ते ब्लाउजच्या शिलाईवर येतात. निवृत्तीनंतर मी हा गैरसमज दूर करणं सोडून दिलं आहे. खरा खुलासा केला की लोक जास्तच गोंधळतात, शिवाय माझ्या हातची शिलाई खरोखर बरी आहे.

नव्वदच्या दशकात बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत मी उपकरण अभियंता होते. यशवंतपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत, आणि तिच्या तळघरात माझं यंत्र. त्या यंत्रात एक सुई होती. तिचं टोक इतकं बारीक, की शेवटी एकच अणू उरावा. ही सुई धातूच्या तुकड्याजवळ न्यायची, पण टेकवायची नाही. मधल्या फटीतून किंचित वीज पलीकडे जाते. खाली उंचवटा आला की वीज वाढते, खळगा आला की घटते. सुई शेतात नांगर फिरावा तशी ओळीने पुढेमागे फिरते आणि त्या चढउतारांचं चित्र संगणकाच्या पडद्यावर एकेक ओळ करत उमटतं. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, "इथे अणू दिसतात." आम्ही बघत नव्हतो, अंधारात चाचपत होतो. पण 'राष्ट्रीय चाचपणी प्रयोगशाळा' अशी पाटी कुणी लावत नाही.

अडचण एकच होती, थरथर. यशवंतपूरला मालगाडी शंटिंगला लागली की आमचे अणू नाचायचे. येलहंक्याहून विमानं सरावाला निघाली की चित्रावर जरीकाठ उमटायचा. वर्कशॉपच्या मुनियप्पाने ग्रॅनाइटची लादी आणून ती स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवली आणि त्यावर यंत्र बसवलं. परदेशी कंपनी याच कामासाठी जे टेबल विकत होती त्याच्या किमतीत स्कूटरचं दुकान आलं असतं. तरीही आमचे सगळ्यात चांगले दिवस म्हणजे बंदचे. कुणाच्याही मागणीसाठी शहर बंद झालं की आम्ही डबे घेऊन पायी प्रयोगशाळेत हजर. मागण्यांशी आमचं देणंघेणं नव्हतं, पण पाठिंबा मनापासून होता.

गिऱ्हाईकंही येत. चिक्कपेटेतले एक रेशमाचे व्यापारी धागा घेऊन आले. त्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या धाग्यात फरक काय, ते यंत्राने सांगावं म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, या यंत्रासमोर तुमचा धागा म्हणजे नंदी हिल्स. इतकं मोठं काही आम्हाला दिसत नाही." त्यांना ते पटलं नाही. एवढं महागडं यंत्र आणि धागा दिसत नाही, म्हणजे सरकारी काम, असं म्हणत ते गेले. पुढे मी बऱ्याच बैठकांना बसले, पण आमच्या क्षेत्राचं इतकं थोडक्यात परीक्षण पुन्हा ऐकलं नाही.

आमच्या संचालकांना मात्र मोठं सगळं दिसायचं. परदेशात कुणी अणू उचलून त्यांची अक्षरं मांडली होती, त्यामुळे ते बेचैन होते. आपण यंत्र करायचं, असं त्यांनी ठरवलं. एका रेणूचं चाक. पुढे त्याचे गिअर, मग मोटार, मग रक्तात पोहून रोग दुरुस्त करणारी पाणबुडी. पाणबुडीचं चित्र त्यांनी आधीच काढून घेतलं होतं आणि केबिनमध्ये लावलं होतं. चाक तेवढं बाकी होतं. संचालकांशी आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते मराठीत देते आहे, त्यामुळे ते थोडे समंजस वाटण्याचा धोका आहे.

चाक करण्याचं काम वैदेहीकडे आलं. ती नागपूरची, पीएचडीची विद्यार्थिनी. आमचं घर चामराजपेटेतलं, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इथे आलेलं आणि परत जायचं राहून गेलेलं. आमच्या घरी "स्वल्प भात वाढ" म्हणतात आणि ते मराठीच समजतात. माझं मराठी ऐकून वैदेहीला पहिले काही दिवस हसू आवरायचं नाही. मलाही तिचं "काय करून राहिले तुम्ही?" ऐकून वाटायचं, ही विचारते आहे की रागावली आहे? नंतर संस्थेतल्या सगळ्यांसारखी तीही मला अक्का म्हणू लागली.

तिचं चाक म्हणजे एक सपाट रेणू, कडेने सहा पाकळ्या असलेला. तो तांब्याच्या थंड पृष्ठभागावर बसवायचा. स्थिर असेल तर सुईला सहा पाकळ्या लागतील. गरगर फिरत असेल तर सुई बिचारी संथ, तिला पाकळ्या वेगळ्या कळणार नाहीत, नुसतं कडं दिसेल. चालू पंख्याची पाती दिसत नाहीत, तसंच. वर्षभराहून जास्त खपून वैदेहीने हे रसायन तयार केलं. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत चिमूटभर नारिंगी भुकटी. ती कुपी ती लहान मूल न्यावं तशी दोन्ही हातांनी न्यायची.

तेवढ्यात दसरा आला.

बंगळुरात खंडेनवमीची आयुधपूजा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी इथे ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. बसला केळीचे खुंट, रिक्षाला झेंडू, टाइपरायटरला कुंकू. दारात कोहळा फुटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये मुनियप्पा लेथ धुऊनपुसून असा सजवायचा, की त्यावर काम करायचं की त्याचं लग्न लावायचं, असा प्रश्न पडावा. आणि नियम असा, की पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. वर्षातून एक दिवस यंत्राला सुट्टी. मला ही प्रथा फार आवडते, कामगार कायद्यातही इतकी माया नाही.

त्या वर्षी संचालकांनी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार बोलावला. विज्ञान आणि परंपरा यांचा संगम त्यांना फोटोत हवा होता. पुरोहितांनी विचारलं, "आयुध कुठलं?" मी सुईच्या यंत्राकडे बोट दाखवलं. पण ते तळघरात, उजेड कमी, फोटो येईना. संचालक म्हणाले, "खरं आयुध ते नाहीच. खरं आयुध हे!" आणि त्यांनी वैदेहीच्या हातातली कुपी घेऊन पूजेच्या ताटात ठेवली.

"सर, त्यात काही पडायला नको!" वैदेही ओरडलीच.

"काही पडणार नाही," पुरोहित म्हणाले. "पण झाकण काढा. बंद डबीची कसली पूजा? देवाला आतलं दिसायला हवं ना?"

देवाला कुपीतला रेणू दिसण्यासाठी झाकण काढावं लागतं, ही त्या दिवशीची माहिती. झाकण निघालं. कुपीला बाहेरून हळदकुंकवाची बोटं लागली. शेजारी कापराची आरती झाली, फोटो झाला. वैदेही झाकण लावायला पुढे झाली तेव्हा मुनियप्पा कळवळून म्हणाला, "बेडा, बेडा! उद्यापर्यंत हात नको." वैदेहीने संचालकांकडे बघितलं. फोटो काढून झाल्यावर त्यांची श्रद्धा ओसरायला हवी होती, पण ऐन वेळी ती टिकली. ते म्हणाले, "प्रथा ती प्रथा. ताट तसंच कपाटात ठेवा." ताट तसंच, म्हणजे उघडी कुपी आणि उरलेल्या कापराच्या वड्यांसकट, लोखंडी कपाटात गेलं. किल्ली त्यांच्याच खिशात.

दसऱ्यानंतर आम्ही भुकटी यंत्रात भरली. निर्वात कप्प्यात ती हलकेच तापवायची, मग तिचे रेणू उडून तांब्यावर जाऊन बसतात. बसले. सुई फिरू लागली. पडद्यावर एकामागून एक कडी उमटली. सुबक, गोल, भिजवलेल्या मेदूवड्यांसारखी.

संचालकांना बोलावलं. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फिरतंय!" मग फोन करायला वर गेले.

वैदेही हलली नाही. "अक्का, हे माझं चाक नाहीच आहे ना," ती म्हणाली. "माझं याच्या दुप्पट मोठं आहे. हे कोणाचं पोट्टं आहे काय माहीत!"

तिने तेच संचालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अपेक्षेपेक्षा लहान? मग तर अधिक प्रगत आहे." दुसऱ्या दिवशी बातमी आली. दिल्लीहून समिती येणार, नवं केंद्र मंजूर करायचं की नाही ते ठरवणार, हेही कळलं. वैदेहीने समितीपुढे बोलायचं होतं. तिची फेलोशिप पुढच्या उन्हाळ्यात संपत होती. समिती खूश झाली तर प्रबंध झालाच म्हणून समजा, असं संचालकांनी तिला स्वतः सांगितलं होतं.

मग एका दुपारी ती कुपी घेऊन माझ्या टेबलाशी आली. "अक्का, वास घ्या."

मी घेतला. "देवघर," मी म्हटलं.

कापूर उघडा ठेवला की उडून जातो, हे घरात देव असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तो जातो कुठे, हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारत होतो. कपाटात रात्रभर तो भुकटीत मुरला होता, आणि भुकटी तापवल्यावर आधी तोच उडून तांब्यावर जाऊन बसला होता. कापराचा रेणू आकाराने जवळजवळ चेंडूसारखा. जागच्या जागी फिरायला त्याला कुणाची फेलोशिप लागत नाही.

पण वास म्हणजे पुरावा नव्हे. मी घराजवळच्या दुकानातून कापूर घेतला. दुकानदाराने विचारलं, "विशेष पूजा का, अक्का?" मी म्हटलं, "सरकारी." यंत्राचा कप्पा तापवून स्वच्छ केला, नवा तांब्याचा तुकडा घातला, वैदेहीची भुकटी अजिबात घेतली नाही, नुसता कापूर घेतला. रविवार होता, रस्ता शांत. पडद्यावर तीच कडी, तेवढीच, तशीच. वैदेहीने डोक्याला हात लावला आणि खदखदून हसली. मग हसणं थांबलं. "वर्षभर मेहनत माझी," ती म्हणाली, "आणि फिरला कोण, तर आरतीतला कापूर."

सोमवारी आम्ही दोघी संचालकांकडे गेलो.

"कोणता कापूर?" त्यांनी विचारलं.

"पूजेतला, सर," वैदेही म्हणाली.

"पूजेची कल्पना कुणाची होती?"

"तुमची," मी म्हटलं. "पेपरात फोटो आहे."

ते पाणबुडीच्या चित्राकडे वळले. मग वैदेहीला अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ. समिती एकच प्रश्न विचारेल, फिरतं का? तू म्हणायचं, हो. यात खोटं काय आहे?"

"पण माझं चाक नाही ते."

"संस्थेचं आहे. आणि तुझी फेलोशिप कधी संपते म्हणालीस?"

बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली. "अक्का, काय करू? घरी बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, पोरगी यंत्र बनवते म्हणून."

मला उपदेश करता येत नाही. मी म्हटलं, "जे बोलशील ते बोल. यंत्राची वेळ मी देईन. सरी? चालेल ना?"

समिती आली. अध्यक्ष वयस्कर, शालीन, जेवणानंतरच्या सत्रात डोळे मिटून ऐकणारे. वैदेहीने कड्यांचं चित्र दाखवलं आणि सरळ म्हणाली, "हे फिरतंय तो कापराचा रेणू आहे. आमच्या भुकटीत तो चुकून शिरला. माझं चाक अजून फिरलेलं नाही."

संचालक छताच्या पंख्याकडे बघत होते. अध्यक्षांनी डोळे उघडले.

"कापूर? म्हणजे आपला? पूजेचा?"

"हो सर."

"आणि तो फिरतो? एकेक रेणू?" ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आपल्या पूर्वजांना..."

"पूर्वज तो जाळत होते, सर," वैदेही म्हणाली.

पण पूर्वज एकदा बैठकीत शिरले की त्यांना बाहेर काढता येत नाही. संचालक क्षणात उठून उभे राहिले. हीच आमची दिशा आहे, म्हणाले. पारंपरिक द्रव्यांतली सूक्ष्म यंत्रं. आज कापूर, उद्या चंदन, गुग्गुळ. मी बऱ्याच यंत्रांचे गिअर बदलताना पाहिले आहेत, इतका बिनआवाजी बदल कधी पाहिला नाही. केंद्र मंजूर झालं. वैदेहीने जीव मुठीत धरून सांगितलेल्या खऱ्याचं असं काही होईल, हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही नव्हतं.

मग संचालकांनी तिला बोलावून उदारपणे सांगितलं, "कापरावर प्रबंध लिही. सगळी चित्रं तयार आहेत. उन्हाळ्याआधी डॉक्टर होशील."

ती नाही म्हणाली. कापूर फिरतो हे खरं होतं, पण तो तिने केलेला नव्हता. तिला स्वतःचं चाक हवं होतं. फिरलं तर फिरलं, नाही तर नाही फिरलं म्हणून लिहीन, म्हणाली. संचालक म्हणाले, "लिही. पण यंत्र आता केंद्राच्या कामाला आहे. आणि मुदतवाढ मिळणार नाही."

उरलेली भुकटी तिने निर्वात पात्रात दिवसचे दिवस तापवत ठेवली. कापूर पूर्ण उडाला. केंद्राच्या कामातून मी चोरटे तास काढून दिले तेव्हा आम्ही ती तांब्यावर बसवली. या वेळी पाकळ्या स्वच्छ दिसल्या, सहाच्या सहा, मापही बरोबर. फक्त एकही चाक हलत नव्हतं. सगळी एकमेकांत पाकळ्या अडकवून ओळीने घट्ट बसलेली.

"मार्केटची बस," मी म्हटलं. "कंडक्टरलाही वळता येत नाही."

"मग कमी लोक बसवू," ती म्हणाली. "जागा सोडू."

पण विरळ बसवायचं म्हणजे फटी शोधत फिरायचं. त्याला सलग वेळ हवा आणि निवांत जमीन हवी. दोन्ही आमच्याकडे नव्हतं. मालगाड्या होत्या, विमानं होती, केंद्राच्या इमारतीचं खोदकामही सुरू झालं होतं. तिच्या फेलोशिपचा शेवटचा आठवडा आला तोवर आमच्याकडे पाकळ्यांचे गठ्ठेच होते.

त्याच आठवड्यात मंत्री केंद्राचं उद्घाटन करायला आले. त्यांना तळघरात आणायचं नाही, असं सुरक्षेवाल्यांनी ठरवलं, जिना अरुंद होता. म्हणून मुनियप्पाला मॉडेल करायला सांगितलं होतं. त्याने अॅल्युमिनियमचं सहा पाकळ्यांचं चाक केलं आणि ते इडलीचं पीठ वाटायच्या घरच्या ग्राइंडरच्या मोटरवर बसवलं. वर सभागृहात ते, स्कूटरच्या ट्यूबवर ठेवलेलं, घरघरत फिरू लागलं. खोदकाम थांबवलेलं. आणि मंत्र्यांच्या ताफ्यासाठी पोलिसांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवलेला. बस नाही, ट्रक नाही. सगळी संस्था वर होती. खाली आम्ही दोघी.

पडद्यावर ओळीमागून ओळ उमटू लागली. इतकं नितळ चित्र मी त्या यंत्रात कधी पाहिलं नव्हतं. एका कडेला चाकांची ओळ, पाकळ्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट. आणि ओळीबाहेर, मोकळ्या जागेत, एक कडं. मोठं. तिच्या मापाचं.

वैदेही ओरडली नाही, उडी मारली नाही. उडी मारली असती तर चित्र बिघडलं असतं. खुर्चीच्या कडा घट्ट धरून ती पुटपुटली, "हेही कापूर असेल तर?"

"मग ढकलून बघ," मी म्हटलं.

तिने सुई त्या कड्याच्या एका बाजूला नेली आणि अगदी हलकेच त्याला ओळीकडे सरकवलं. पुन्हा चित्र काढलं. ओळीत जाऊन अडकल्यावर ते कडं थांबलं होतं, आणि कड्याऐवजी तिथे आता सहा पाकळ्या होत्या. तिने ते पुन्हा बाहेर ओढलं. पाकळ्या गेल्या, कडं आलं. वर ग्राइंडरच्या मोटरवर एक चाक फिरत होतं आणि खाली हे. आमचं जास्त शांतपणे फिरत होतं.

तेवढ्यात चित्र थरथरलं. एक जाड पांढरा पट्टा कड्याच्या वरून आरपार गेला. मग थांबला. मग आणखी एक.

"गाडी आली का?" वैदेही घाबरून म्हणाली.

मी कान दिला. गाडी नव्हती. वर भाषण चाललं होतं.

थोड्या वेळाने मुनियप्पा हातात लाडूची बशी घेऊन खाली आला. "अक्का, मंत्र्यांनी विचारलं, हे एका वेळी किती शेर पीठ दळतं? संचालक म्हणाले, अजून संशोधन चालू आहे." पडद्यासमोर आम्ही दोघी गप्प बसलेल्या पाहून त्याने बशी खाली ठेवली आणि आवाज न करता तोही वाकून बघू लागला. वैदेहीने त्याला बोटाने दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मोटर कुठे आहे?"

"नाही," वैदेही म्हणाली. "नुसत्या उबेने फिरतंय."

वर जाऊन सांगावं, असं आम्हा कुणालाच वाटलं नाही. रस्ता उघडेपर्यंत तिने चित्रं काढली.

प्रबंध तिने मुदतीत दिला. संचालकांनी न वाचता सही केली. ते त्या दिवसांत चंदनात होते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. एकेक पान उलटून विचारत होते. मोकळ्या जागेतल्या कड्याच्या चित्रापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. संचालक शेजारीच बसले होते, चेहऱ्यावर मार्गदर्शकाचं हसू.

"चित्र उत्तम आहे," परीक्षक म्हणाले. "हे पांढरे पट्टे तेवढे सोडून. खाली तुम्ही 'बाह्य व्यत्यय' एवढंच लिहिलं आहे. कसला व्यत्यय?"

वैदेहीने एकदा संचालकांकडे बघितलं.

"टाळ्या, सर," ती म्हणाली.